दोरीवाले नाना आणि तीनचा खेळ

अन्याय झाला तो दोरीवाल्या नानांवर. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या खेळाची पहिली घंटा झाल्यावर आणि दुसरी व्हायच्या आधी, मिल एरियातल्या टॉकीजच्या दारात. वेळ मुद्दाम नेमकी सांगते आहे. ज्यांनी तो केला ते आता म्हणतात, असं काही झालंच नाही.

नाना आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मिलमध्ये सूतकताई खात्यात होते. फिरत्या यंत्रावर शेकडो धाग्यांतला तुटलेला एक लांबून हेरायचा आणि चालत्या कामात जोडायचा, हे त्यांनी तीस वर्षं केलं. तोच डोळा ते टॉकीजमध्ये घेऊन जात. पडद्यावर कुणी हात पसरून आभाळात झेपावला, की सगळं थेटर शिट्ट्या मारी आणि नाना त्याच्या खांद्यांच्या वर बघत. मग शांतपणे म्हणत, "दोरी." आसपासचे दहा जण माना वर करून शोधायला लागत. अशा उडत्या, भिंती चढत्या, मुखवटे घातलेल्या वीरांचा एकही पिक्चर त्यांनी सोडला नाही, आणि एकावरही विश्वास ठेवला नाही.

ते नेहमी थर्डमध्ये, पडद्याजवळच्या सगळ्यांत स्वस्त जागेत, पहिल्या रांगेत बसत. मान दुखायची, पण हटत नसत. "बाल्कनीतून हिरो दिसतो, थर्डमधून दोरी," असं त्यांचं म्हणणं. पहिलं रीळ चुकलं तर त्यांना तो खेळ वायाच गेला असं वाटे. पहिल्या उड्डाणात नट घाबरलेला असतो, अंग आखडतो, म्हणून दोरी कुठे बांधली ते तिथेच कळतं, हा त्यांचा सिद्धान्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या दुकानावर खरी लढाई चाले. रंगाई खात्यातले शेख भिया पाठीला पडदा लावून उडणाऱ्या विलायती वीराचे भक्त. नाना आपल्या देशी मुखवटेवाल्याच्या बाजूचे. निदान तो धापा तरी टाकतो, असं ते म्हणत. विलायतीवाल्याचा पडदा फडफडतो आणि केस जागचे हलत नाहीत, मग वारा काय फक्त पाठीलाच लागतो? शेख भिया कपाळाला हात लावून विचारत, "नाना, तुम पिक्चर देखने आते हो कि पंचनामा करने?" जिलबीची पुडी मात्र दोघांत एकच असे.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मिल बचावाचे परचे, वाटायची पत्रकं, लिहीत होते. माझ्या परच्यात प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह असे. नानांना मी सुनावलं होतं, की मिल बुडतेय आणि तुम्ही उडणारे बघत बसलात. ते रागावले नाहीत. माझा परचा वाचून म्हणाले, "पोरी, यात चोर कोण ते पहिल्याच ओळीत ठरलंय. चोरी कशी केली, ते कुठंय?" तेव्हापासून मी उद्गारचिन्हं कमी केली आणि कागदपत्रं मागायला शिकले. पेपरवाले रोज लिहीत होते, की देशात मोकळी हवा आली. नाना म्हणायचे, मोकळ्या हवेत पतंग उडतो, अन् दोरी कोणाच्या हातात असते ते विचार.

असा माणूस फसला कसा, हे मला अनेकांनी विचारलं. सांगते.

मिलच्या फाटकावर नोटीस लागली: शुक्रवारी तीनचा खेळ, थर्ड आणि स्टॉल कामगारांसाठी फुकट. नवा विलायती पिक्चर होता, पडदेवाल्याचा. त्या सकाळी नाना माझ्या दारात येऊन उभे राहिले. "फुकट का दाखवतायत गं?" मी परच्याची स्टेन्सिल कापत होते. मान वर न करता मी म्हणाले, उपकार दाखवायचे असतील, जा, शेख भियांना सोबत होईल. एका माणसाला शंका आली होती आणि ती मी, परचे लिहिणारीनं, उडवून लावली.

टॉकीजच्या दारात टेबल मांडलं होतं. त्यामागे मिलच्या टाइम ऑफिसचा बाबू, पुढ्यात रजिस्टर. नानांनी विचारलं, पिक्चरला हजेरी कसली? बाबू म्हणाला, बाहेरचे घुसतात, म्हणून. मागून रांग ढकलत होती, पहिली घंटा झाली होती, पहिलं रीळ चुकणार होतं. आणि गिरणीतल्या माणसासमोर रजिस्टर आलं, की हात आपोआप चालतो. सही राहिली तर दिवस बुडतो, हे त्या हाताला तीस वर्षं शिकवलेलं असतं. पानाचा वरचा भाग कोरा होता. नानांनी सही केली, शेख भियांनी केली, सगळ्या रांगेनं केली.

बारा दिवसांनी फाटक बंद झालं. नोटिशीसोबत तीच पानं डकवली होती. आता वर टाइप केलेलं होतं: सभेला हजर राहून, समजून उमजून, आम्ही स्वेच्छेनं निवृत्ती घेत आहोत. नाना चष्मा पुसून पुसून वाचत राहिले. मग मला म्हणाले, "सही माझीच आहे. हेच वाईट आहे."

कामगार कोर्टात काहींनी त्यांना सुचवलं, सही नाकारा. त्यांनी नाकारली नाही. विचारल्यावर म्हणाले, "साहेब, सही पिक्चरची आहे, मिलची नाही." कोर्टात लोक हसले. मिलचा वकील सगळ्यांत जास्त हसला.

नंतर ते सियागंजच्या बाजारात एका किराणा गोदामावर पोती मोजायला लागले. शेख भिया दोनदा तिकिटं घेऊन आले, नाना गेले नाहीत. उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं गेले. दावा आता नानांच्या घरच्या काकू चालवतात. त्यांना एवढंच हवंय, की राजीखुशीनं गेलेल्यांच्या यादीतून नवऱ्याचं नाव निघावं. आमचा वकील म्हणतो, सही करणाऱ्यांची साक्ष चालणार नाही, ते स्वतःचाच फायदा बघणार. आणि तो बाबू साहजिकच काही आठवत नाही म्हणतो.

पण त्या दिवशी बाल्कनीची तिकिटं खुली होती. तुकोगंजच्या बंगल्यांतून, कॉलेजांतून, हे वाचणारे तुम्ही आला होतात. त्याच दारातून गेलात, ते टेबल, ती रांग तुम्ही पाहिलीत. कोणता वीर सरस, यावर तुम्ही अजून तासन्‌तास बोलता, मी ऐकलंय. म्हणजे तो खेळ तुमच्या लक्षात आहे. मग कोर्टातल्या येत्या पेशीच्या आधी काकूंकडे या आणि लिहून द्या: तिथे सभा झाली नाही, पिक्चर झाला. खाली तुमचं पूर्ण नाव घाला.