साहेबांच्या खेळातला चौथा गडी

फजिती एकटी कधी येत नाही, मागोमाग दुसरी असतेच. बेळगावच्या कॅम्पात कारकून असताना मी तीन आठवडे गोल्फ शिकलो, तेवढ्यात जन्माला पुरतील इतक्या जमल्या! मित्र बसले की मी त्या हसत सांगतो. शेवटची सांगताना मात्र मान वर होत नाही.

आमच्या गोऱ्या साहेबांना खेळायला चौथा गडी हवा होता. ऑफिसात मी आपण काकतीचे इनामदार म्हणून मिरवत होतो, म्हणून माझी निवड झाली. इनामदार कुठले! माझा सख्खा थोरला भाऊ, अण्णा, त्याच मैदानात साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. मला शिकता यावं म्हणून त्यानं स्वतःची शाळा सोडली होती.

तोच म्हणाला, "मैदानात मला वळख दावू नगंस. तुझी अब्रू जाईल."

मी लगेच "बरं" म्हणालो. त्या "लगेच"ची मला आजही लाज वाटते.

*

साहेबांनी सरावाला एक काठी आणि गोल्फचं पुस्तक दिलं. त्यात लिहिलेलं, हात ताठ आणि डोकं स्थिर! माझं डोकं काही केल्या हलायचं. शेवटी परसात पेरूच्या फांदीला सुतळीनं शेंडी बांधली आणि काठी फिरवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले!

मी शहापुरात आप्पा विणकराकडे भाड्यानं राहायचो. माझी किंकाळी ऐकून आप्पा ओरडत आला, "पळा रं! कारकुनानं फास घेतला!"

सगळी गल्ली गोळा झाली. आप्पाची बायको, आक्का, जवळ येऊन बघून म्हणाली, "शेंडीनं कोण फास घेतंय व्हय?"

*

मग आप्पानं आपली विद्या दिली. "मागावरचा धोटा बघ. ढकलायचा न्हाय, मनगटानं झटका द्यायचा!"

मी झटका दिला. चेंडू जागेवरच राहिला, काठी हातातून सुटून खिडकीतून थेट आप्पाच्या मागावर! बिचारा दोन दिवस तुटलेले धागे जोडत बसला.

"मनगट लई चांगलं हाय तुझं," एवढंच म्हणाला.

*

शेवटी आमच्या गावी, काकतीला गेलो. अण्णाला विचारलं, "पुस्तक म्हणतं हात ताठ, आप्पा म्हणतोय मनगट. खरं काय?"

अण्णा हसला. "झाड पाडतानं हातावर जोर देतूस व्हय? कमरंतनं फीर. कुऱ्हाड आपसूक येतीया."

शेतात अंधार पडेपर्यंत त्यानं मला फिरवलं.

*

खेळाचा दिवस उजाडला. चालताना माझा पाय साहेबांच्या चेंडूला लागला. सवयीनं मी तो उचलला, डोळ्यांना लावला, पुन्हा खाली ठेवला. साहेब लालबुंद! खेळात चेंडूला हात लावायचा नसतो. वस्तूला पाय लागला तर नमस्कार करायचा असतो, हे त्यांना कोण सांगणार?

*

पुढचा फटका माझा होता. पिशवी घेऊन अण्णा मागेच उभा होता. मी पुस्तक विसरलो, मनगट विसरलो, कमरेतून फिरलो. चेंडू झाडांवरून असा गेला की साहेबांनी टाळी वाजवली!

"वेल प्लेड! किसने सिखाया?"

मी अण्णाकडे बघितलं नाही. "आपल्या पुस्तकानं, साहेब," म्हणालो.

फटका पुस्तकातला नव्हता, साहेबांना शंका आली असावी. अण्णाकडे वळून विचारलं, "तुमने सिखाया?"

"न्हाय जी," अण्णा म्हणाला. "म्या अडाणी मानूस. ह्ये शिकल्यालं हाईत."

मग त्यानं पुढची काठी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"घ्या, साहेब."