धुळीची पाहणी

पाहणीच्या नोकरीत न भरलेले फॉर्म आणि किस्से, दोन्हींचे ढीग साठतात. फॉर्म मी ऑफिसात जमा केले. किस्से माझ्याकडेच राहिले.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने नुकते कुठे येत होते. लेले डॉक्टर आणि मी सायकलींवरून छोट्या छोट्या शेडमध्ये जायचो. धुळीनं कामगारांच्या छातीचं काय होतं, ते तपासायचं होतं. सक्ती नव्हती. मालकाची सही मिळाली तरच पुढचं काम.

*

चिंचवडच्या एका फाउंड्रीचे मालक म्हणाले, "माझ्याकडे तपासायचं काय? सगळी माणसं ठणठणीत आहेत."

"एकही आजारी नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

"आजारी पडला की मी ठेवतच नाही."

*

पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या एका गृहस्थांची लाकूड कापायची मिल होती. त्यांनी चहा पाजला, फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि अदबीनं परत दिला.

"साहब, घर छूटा तब से फॉर्म ही भर रहा हूँ. पहले वालों का जवाब तो आने दो."

*

एका पिठाच्या गिरणीत मालकानं सही केली, पण कामगारच अडला. "तपासून औषध देनार का?"

"औषध नाही. सध्या फक्त नोंद," डॉक्टर म्हणाले.

"मग खोकतोय ते आमाला म्हाईतच हाय की."



*

थेरगावला दगडी जाती-पाटे घडवणारे किसनराव मात्र लगेच तयार झाले. त्यांनीच आपल्या चार माणसांना रांगेत उभं केलं. त्यात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ नामदेव होता. हे चौघे शेडमध्ये दगड फोडायचे, छिन्नीनं टाकी लावायचे. किसनराव गाडीत माल घालून गावोगावचे बाजार करायचे.

डॉक्टर एकेकाच्या छातीला नळी लावत होते. खोल श्वास घ्या म्हटलं की खोकल्याची उबळ. नामदेवला तर नावही एका दमात सांगता येईना.

शेवटी किसनराव सदरा काढून बसले.

"तुमची छाती स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले.

"नीट बघा, साहेब."

डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. "स्वच्छच आहे."

"आन् ह्यांची?"

डॉक्टर फॉर्मकडे बघत राहिले.

किसनराव तसेच उघडे बसले. मग नामदेवनं खुंटीवरचा सदरा आणून त्यांच्या खांद्यांवर टाकला.

"घाल, दादा," तो धापा टाकत म्हणाला. "वारं लागंल तुला."