शेवटच्या चार मेंढ्या

हरिहर साटमांनी चौतीस वर्षं गाई-म्हशी गाभण केल्या, असं त्यांची बायको शालू पाहुण्यांना सांगे आणि पाहुण्यांना चहा पिता पिता ठसका लागे. हरिहररावांना ते मुळीच आवडत नसे, पण त्यात खोटं काही नसल्यामुळे रागवायची सोय नव्हती. कल्याण तालुक्यातल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक होते आणि कृत्रिम रेतन हेच त्यांचं मुख्य काम. गावोगावचे लोक त्यांना डॉक्टर म्हणत. पहिली पाच वर्षं त्यांनी 'मी डॉक्टर नाही' असं समजावून पाहिलं, मग नाद सोडला. निवृत्त होऊन नौपाड्यातल्या दोन खोल्यांत बसले आणि वर्षभरात उजवा हात थरथरायला लागला. फार नाही, थोडासाच. बशीतला चहा हिंदकळू लागला तेव्हा ते गुपचूप कपाने प्यायला लागले. नवऱ्याला उशिरा का होईना शिस्त लागली, असं शालूला वाटलं.

दिवाळी झाली आणि मालनचा फोन आला. मालन पारनेरकडची धनगरीण. भातकापणी झाली की तिचा कळप घाट उतरून कल्याण-मुरबाड रस्त्याकडेच्या शेतांत येई. मेंढ्या रात्री ज्या शेतात बसत त्या शेताला खत मिळे, आणि शेतकरी बदल्यात भात देई. वीस वर्षं हरिहररावांनी त्या कळपाला लसी टोचल्या होत्या. मालनचा नवरा गोविंदा त्यांचा दोस्तच झाला होता. दोन वर्षांपूर्वी गोविंदा गेला, तेव्हा हे पारनेरपर्यंत जाऊन आले होते.

गोविंदाने मागे ठेवलेली खरी दौलत म्हणजे एक मेंढा. पांढराशुभ्र, बाकदार नाकाचा, डाव्या डोळ्याभोवती तांबूस डाग. सांगलीकडून कोकरू आणून त्याने तीन पिढ्या निगुतीने वाढवलेलं ते रक्त. यंदा घाट उतरताना टेम्पोने त्या मेंढ्याला उडवलं आणि त्याचे मागचे पाय अधू झाले. मेंढीवर चढणं आता त्याच्याच्याने होत नव्हतं. मालनचा मुलगा साईनाथ म्हणत होता, खाटकाला देऊ आणि बाजारातून दुसरा आणू. त्याचंही चुकत नव्हतं, बसून खाणारं जनावर पोसायचं कशाला? पण त्या मेंढ्याचं एकही नर कोकरू कळपात उरलेलं नव्हतं. तो गेला की गोविंदाने आयुष्यभर जपलेला वंश संपला.

"गाईला करता तसं मेंढीला करत्यात ना हो?" मालनने विचारलं. "मग करा की भाऊ. तुमच्याशिवाय कोन हाय आमाला?"

करतात, पण ते सोपं नसतं. मेंढीच्या आतली वाट अरुंद आणि वळणावळणाची. गाईसारखा हात घालून चाचपता येत नाही. विजेरीच्या उजेडात बारीक नळी नेमकी टेकवावी लागते, आणि त्यासाठी हात दगडासारखा स्थिर हवा. हरिहररावांनी बऱ्याच वर्षांपूर्वी प्रशिक्षणात ते शिकून घेतलं होतं आणि मोजून दोनदा केलं होतं. आपला हात त्यांना ठाऊक होता. तरी 'तुमच्याशिवाय कोण' हे शब्द ऐकले आणि गडी हो म्हणून बसला.

खोपटच्या डेपोतून मुरबाडची एसटी धरून ते शेतावर गेले. मालनने चहा दिला, तोही अर्धाच कप. दूध कमी असेल, असं म्हणून त्यांनी तो पिऊन टाकला. मग चांगल्या दहा मेंढ्या निवडून त्यांच्या आत औषधाचे स्पंज बसवले, म्हणजे बारा दिवसांनी ते काढले की सगळ्या एकदम माजावर येणार. कोणती खरंच माजावर आली हे दाखवायला कळपातला एक तरणा काळा मेंढा होता. त्याच्या पोटाखाली जाड फडकं बांधलं. त्याने हुंगावं, मागे लागावं, पण काम साधू नये, एवढ्यासाठी. त्याचा चेहरा बघून मालन पदर तोंडाला लावून हसली.

ठरल्या दिवशी हरिहरराव घरातला चहाचा थर्मास गरम पाणी भरून घेऊन निघाले. रबरी नळीच्या आवरणात ते पाणी भरून मेंढ्याचं वीर्य धरायचं असतं. हे कळल्यावर शालूने तो थर्मास घरात परत आणायचा नाही म्हणून बजावलं.

मेंढा चढू शकत नव्हता, म्हणून साईनाथने एक उथळ खड्डा खणून मेंढी त्यात उभी केली आणि मेंढ्याला पोटाखालून उचलून धरलं. म्हातारा मेंढा दोनदा घसरला. तिसऱ्यांदा मालन त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि तो सगळा जीव गोळा करून पुढे झुकला. नळीत घट्ट, साईसारखं वीर्य आलं. मेंढा जो खाली बसला तो उठेचना. असं परत होणार नाही, हे तिघांनाही कळलं.

ते पातळ करून दहा मेंढ्यांना पुरवायचं होतं. पहिल्या सहा झाल्या आणि हरिहररावांना स्वतःचंच कौतुक वाटलं. सातवीला हात थरथरला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, तरी नळी निसटली आणि थेंब मेंढीच्या लोकरीवर सांडला. आठवीचंही तेच झालं. नववीला आणि दहावीला त्यांनी नुसतं केल्यासारखं केलं. साईनाथ मेंढ्या धरण्यात गुंतला होता, मालन विजेरी धरून उभी होती. सवयीप्रमाणे हरिहररावांनी वहीत प्रत्येक मेंढीची खूण लिहिली आणि शेवटच्या चौघींपुढे एक बारीक टिंब काढलं. फडकं आणखी तीन दिवस सोडू नका, एवढं सांगून ते एसटीत बसले. घरी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सट होती, म्हणजे चंपाषष्ठी. तिसऱ्या दिवशी ते म्हाताऱ्या मेंढ्याला बघायला गेले, तर साईनाथ आईवर तडकलेला. आईने सटीला काळ्याचं फडकं सोडलं होतं. मालन खाली बघत म्हणाली, सटीला आमच्यात कुठल्याच जनावराच्या अंगावर दोरी ठेवत न्हाईत, देवाचा दिवस, हातानं आपोआप सोडलं गेलं. साईनाथ म्हणाला, आता सगळी पिल्लं काळ्याची होणार, एवढा खटाटोप पाण्यात.

हरिहररावांना आधी हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लगेच लाजही वाटली. आता चार मेंढ्या कशा वाया गेल्या हे कुणी विचारणार नव्हतं. दोष आयता मालनच्या पदरात पडला होता. त्यांनी तो तिथेच राहू दिला.

शिमग्याच्या आधी म्हातारा मेंढा मेला. साईनाथ उठता-बसता आईला ऐकवतो, हे फोनवर कळत होतं. बाबांचा वंश तूच बुडवलास, असंही तो एकदा म्हणाला. हरिहरराव तीनदा खरं सांगायला म्हणून निघाले आणि तीनदा खोपटच्या डेपोतून परत आले. अखेर त्यांनी शालूला सगळं सांगितलं. ती त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फोन आला, मेंढ्या व्यायल्या. या खेपेला ते परत फिरले नाहीत.

मेंढ्यांना कोंडायच्या जाळीच्या वाडग्यात कोकरं आयांना ढुसण्या देत होती. हरिहररावांनी वही काढली. पहिल्या सहांतल्या दोघी रिकाम्या राहिल्या होत्या. उरलेल्या चौघींपाशी चार पांढरी कोकरं होती, बाकदार नाकाची, आणि त्यांतल्या दोघांच्या डोळ्याभोवती तांबूस डाग. त्यांनी हात लावून पाहिलं, दोन नर होते. त्यांचे डोळे भरून आले. मग ते टिंब काढलेल्या मेंढ्यांकडे वळले. चौघींपाशी चार काळी कोकरं.

त्यांनी पुन्हा एकदा वही पाहिली. काळा मेंढा सटीला कळपात मोकळा सुटला असता, तर त्याने दहांपैकी नेमक्या या चारच शोधून काढल्या नसत्या. कुणीतरी या चौघी वेगळ्या काढून त्याच्यासोबत ठेवल्या होत्या. ते मालनकडे बघत राहिले. ती चुलीवरचं आधण बघत होती.

साईनाथ जवळच उभा होता. हरिहररावांनी त्याला हाक मारली आणि आवाज चढू न देता सांगितलं, "साईनाथ, आईला बोल लावू नकोस. शेवटच्या चार माझ्या हातून वाया गेल्या होत्या. माझा हात थरथरतो. मी त्या दिवशी लपवलं, आणि पाच महिने तुझ्या आईला बोलणी खाऊ दिली."

साईनाथ आईकडे बघायला लागला. मालनने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मला दिसलं व्हतं," ती म्हणाली. "विजेरी माज्याच हातात व्हती ना. चौघी रिकाम्या राहिल्या असत्या तर ह्यो तुमाला बोलला असता. तुमी परत आला नसता, भाऊ. मंग ह्यांच्या माघारी आमाला इकडं कोन हाय?"

"आणि तुला बोलला ते?" हरिहररावांनी विचारलं.

"मी आई हाय त्याची. मला बोलला तर जाणार कुठं?"

साईनाथ वाडग्यात गेला आणि डागाचं एक कोकरू उचलून त्याने आईच्या मांडीवर आणून ठेवलं. मालन त्याच्या बाकदार नाकावरून बोट फिरवत राहिली. हरिहररावांना कार्तिकातला तो अर्धा कप आठवला. दूध कमी नव्हतं. हिला पहिल्याच दिवशी हाताची थरथर दिसली होती, आणि तरीही हिने आपल्या हाती गोविंदाचा मेंढा दिला होता.

कोकरू मांडीवर तसंच ठेवून मालनने चहा गाळला. आज तिने कप काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे धरला. हरिहररावांनी तो उजव्या हाताने घेतला. थोडा चहा सांडला, पांढऱ्या पायजम्यावर डाग पडला. त्यांनी हात लपवला नाही.