खाणीच्या कड्यावरची पाकोळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे, आईच्या थोरल्या भावाचे. कोरेगाव भीमाहून सणसवाडीकडे जाताना रस्त्यापासून आत एक दगडखाण होती. तिथे ते सुरुंग लावण्याचं काम करायचे. आमच्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं तेव्हा त्यांनी कसलं शास्त्र म्हणून विचारलं. प्राणिशास्त्र म्हटल्यावर, म्हणजे जनावरांचा डॉक्टर का, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांच्या घराजवळून शिरूरची एसटी मिळायची, म्हणून त्यांनी मला राहायला बोलावून घेतलं.

शेवटच्या वर्षाला एका प्राण्याचं निरीक्षण करून वही द्यायची होती. वर्गातल्या बाकीच्यांनी बेडूक, गांडूळ, मुंग्या असं घेतलं. मी खाणीतली पाकोळी घेतली. सरांनी सांगितलेलं तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. खाणीत सगळे पाकोळीच म्हणत.

आकार चिमणीएवढा, रंग चुलीवरच्या भांड्याच्या बुडासारखा. शेपटी आखूड आणि सरळ कापल्यासारखी. वळताना ती पसरली की आत पांढरे ठिपके दिसायचे. हा पक्षी कड्याला सोडून फार लांब जात नाही. कड्याच्या अंगालगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो, वळतो, परत येतो. सकाळी ऊन लागून दगड तापला की त्याच्याजवळ माश्या, चिलटं वर चढतात. ती तो उडता उडताच टिपतो. घरटं म्हणजे मातीची अर्धी वाटी, वर दगडाचं छप्पर असेल अशा जागी चिकटवलेली. सुरुंगासाठी होल मारायच्या मशीनपाशी पाणी सांडून चिखल व्हायचा, तिथून या जोडीने चोचीने गोळ्या नेल्या होत्या. त्यामुळे ते घरटं खडीच्या भुकटीसारखं राखाडी होतं आणि चटकन ओळखू यायचं नाही.

घरटं उत्तरेकडच्या कोपऱ्यात होतं आणि पुढचा दगड तिथूनच काढायचा होता. मामांनी मुकादमाला सांगितलं की त्या कोपऱ्याचा दगड भेगाळलेला आहे, तिथे होल धरत नाही. मुकादम पंधरा वर्षं खाणीत होता. त्याला काय ते कळलं असावं. मला सकाळी वही घेऊन बसलेला बघून तो जाता जाता म्हणायचा, “काय सायेब, बाळंतपण कवा उरकायचं तुमच्या मामाच्या लेकींचं?” मामा खाली मान घालून हसायचे. मुकादमाने तीन आठवडे तो कोपरा मागितला नाही.

मी साडेसहाला जायचो आणि आठला खाण सुरू झाली की एसटी पकडायचो. संध्याकाळी जायची सोय नव्हती. पाच वाजता कामगार वर यायचे, लाल झेंडा लागायचा, आणि मामा आणि त्यांचा जोडीदार सोडून कोणाला खाली सोडत नसत. भरलेले सुरुंग दिवस मावळताना उडवायची तिथली रीत होती. तोवर दीड तास खाण अगदी शांत असायची, असं मामा सांगत. माझ्या वहीत त्यामुळे सगळ्या नोंदी सकाळच्या आहेत.

तीन पिल्लं झाली. मार्चमध्ये एका सकाळी ती घरट्याच्या काठावर आली आणि सात-सव्वासातच्या दरम्यान एकामागून एक उडाली. मामा खाली उभे होते. त्यांनी विचारलं, “समदी उडाली का? नीट बघून सांग. मंग आज त्यो कोपरा घेतो.”

मी म्हटलं, “उडाली मामा. घरटं रिकामं आहे.”

“पक्कं ना?”

“पक्कं.”

त्या संध्याकाळी त्यांनी कोपरा उडवला. दुसऱ्या दिवशी तिथे ढीग होता आणि नवा, स्वच्छ दगड दिसत होता. दोन मोठे पक्षी चोचीत काहीतरी धरून फेऱ्या मारत होते. पिल्लं दिसली नाहीत. ती लांब गेली असतील असं मी लिहिलं. सरांनी वहीवर ‘उत्तम’ असा शेरा दिला.

मला खुटबावजवळच्या एका शाळेत नोकरी लागली. मामांची खाण सुटली, खोकला राहिला. घरी कोणीही आलं की ते ही हकीकत सांगायचे. माझ्या लग्नातही त्यांनी सांगितली: आयुष्यभर दगडच फोडला, पण पिल्लं उडाल्याबिगर सुरुंगाला वात लावली न्हाई.

शाळेच्या नव्या इमारतीत पोर्चच्या स्लॅबखाली अशाच जोडीने घरटं केलं. दहावीच्या जादा तासांसाठी मी संध्याकाळी थांबायचो. एके दिवशी सकाळी पिल्लं उडालेली मी पाहिली होती. संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला ती परत आली, एकेक करून, आणि घरट्यात दाटीने बसली. मी शिपाईमामांना विचारलं.

“रोजच येत्यात सर,” ते म्हणाले. “आठ-दहा दिस तरी येत्यात निजाया. बारकी हायेत अजून.”

मी वर्गात जाऊन राहिलेलं गणित पूर्ण केलं. घरी आलो, जेवलो. जुनी वही काढली. साडेसहा, सात, सात वीस. एकही नोंद संध्याकाळची नव्हती. वाईट वाटेल म्हणून मी वाट पाहत बसलो, पण तसं काही झालं नाही. पुढच्या रविवारी मामांकडे गेलो, तेव्हा नातीच्या मैत्रिणींना ते तीच हकीकत सांगत होते. मी चहा पिऊन परत आलो. असं आणखी दोनदा झालं. तोंडाने सांगणं मला जमणार नाही हे कळल्यावर पत्र लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पत्र नात वाचून दाखवायची.

तीर्थरूप मामांस,

सप्रेम जय भीम. हे पत्र घरात दुसरं कोणी नसताना वाचून घ्यावं.

खाणीतली पिल्लं सकाळी उडाली हे खरं आहे. पण ही पिल्लं उडाल्यावरही आठ-दहा दिवस रात्री घरट्यातच झोपायला येतात. हे मी आता शाळेत पाहिलं. त्या संध्याकाळी सुरुंग उडाला तेव्हा ती आत असणार. मी पाहिलेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ती कुठेच नव्हती.

तुम्ही मला दोनदा विचारलं होतं. मी पक्कं म्हणालो. मी फक्त सकाळी बघत होतो आणि संध्याकाळचं मला माहीत नव्हतं, एवढंही मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही तीन आठवडे थांबला होता, मी म्हणालो असतो तर आणखी आठ दिवस थांबला असता. चूक माझी आहे, तुमची नाही.

तुम्ही ही गोष्ट लोकांना सांगता. यापुढे सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी समोर असलो तरी संकोच करू नका, मी मधे बोलणार नाही. पण तुम्हाला माहीत नसताना तुम्ही सांगावी आणि मी ऐकत बसावं, हे मला यापुढे जमणार नाही.

खोकल्याचं औषध संपत आलं असेल. शनिवारी घेऊन येतो.

आपला भाचा