टिटवीच्या मागे

जळगावच्या कचेरीत माझे एक वयस्कर सहकारी होते; ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. बोलता बोलता मधेच मान तिरकी करून अहिराणीत म्हणायचे, "ऐका भाऊ, टिटवी शे." मला कधी काही ऐकू यायचं नाही.

नव्वदच्या आसपास गावाबाहेर कपाशीच्या शेतांत प्लॉट पडले. त्यातला एक मी घेतला. ते कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पाया कधी खणताय?"

"सोमवारी," मी म्हणालो.

रविवारी संध्याकाळी मी प्लॉटवर गेलो, तर ते मधोमध उकिडवे बसलेले. मला पाहताच उठले आणि एक हात लुळा सोडून, लंगडत, थेट टिटवीसारखे ओरडत पळत सुटले. त्यांना काहीतरी चावलं असं वाटून मी हाका मारत मागे धावलो. पार डांबरी रस्त्यावर आल्यावर ते थांबले आणि हात सरळ करून शांतपणे म्हणाले, "टिटवी अंड्यांपासून माणसाला असंच लंगडत लांब नेते. तुमच्या प्लॉटात अंडी शेतस, भाऊ. पिल्लं निघू द्या."

मी मान डोलावली. त्यांनी तोंड मिटलं, पण गळा टिटवीसारखा आतल्या आत अजून थरथरत होता.