वर्षभर माळ्यावर ठेवलेला डबा

आमच्या सोसायटीतल्या पोरांना कुठून तरी कळलंय की आमच्याकडे छोटा गेमिंग कॉम्प्युटर आहे. जिन्यात गाठतात आणि विचारतात, "काका, तयार डबा घ्यावा का पार्ट आणून जोडावा? एसएसडी चांगली ना?" मी सांगतो, खेळायला घ्या, ठेवायला घेऊ नका. त्यांना वाटतं काका काहीतरी विनोद करतायत. मीही समजावत बसत नाही.

तो डबा माझ्या बायकोचा. डोंबिवली पूर्वेला आमचं वन बीएचके, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी, ती, आमची कॉलेजात जाणारी लेक आणि माझी आई. बायकोच्या किडन्या कामातून गेल्या तेव्हा तिने पतपेढीतली नोकरी सोडली. दिवसाआड कल्याणला डायलिसिस, मधला दिवस घरी पडून. त्या मधल्या दिवसाचं करायचं काय? आईने पोथी वाचायला सुचवलं. हिने शेतीचा गेम लावला.

तोही लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरवर. बटण दाबून चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे. आतली हार्ड डिस्क सुपारी कातरल्यासारखी करकरायची. एक दिवस ती म्हणाली, "मला नवीन हवाय. छोटा, आणि पटकन चालू होणारा."

मी ठाण्याच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे. समोरच्याने काय गळ्यात मारलंय ते बघायची सवयच लागलेली. मी तिला ऐकवलं की तयार डब्यात आत काय कोंबलंय ते कळत नाही, बिघडलं तर धड बदलता येत नाही, तापतोही फार. त्यापेक्षा एकेक पार्ट नीट बघून घेऊ, थोडे आठवडे जातील एवढंच. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अरे, माझ्याकडे वेळ किती आहे ते तुला माहितीये. तो चालू व्हायची वाट बघण्यात घालवू का?"

दुसऱ्याच दिवशी ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून मी तो डबा घेऊन आलो. मिक्सरच्या खोक्याएवढा, काळा, पुढे लाल दिवा. पलंग आणि कपाटाच्या मधल्या फटीत बरोबर बसला. बटण दाबलं की ती चष्मा चढवेपर्यंत शेत समोर हजर. दुपारपर्यंत तापायचा मात्र असा की आई म्हणायची, यावर दूध ठेवलं तर उतू जाईल.

खेळताना ती एकटीच बडबडायची, आणि ते सगळं रेकॉर्ड करायची. डोंबिवलीची शेतकरीण म्हणून चॅनल काढायचं तिच्या मनात होतं. काढलं कधीच नाही. आवाज थकलेला येतोय, जरा बरं वाटलं की टाकीन, असं म्हणत राहिली, आणि रेकॉर्डिंग त्या डब्यात साठत गेली. सुरुवात ठरलेली असायची. एकदा खाकरायची आणि मग, "हां, तर." हां, तर मंडळी, आज आपण भेंडी लावणार आहोत. ट्रॅक्टरला शिव्या घालायची. तिचं माहेर राजापूरकडचं, आणि गेममध्ये जगभरची फळं असून हापूस नाही, हे तिने अगदी मनाला लावून घेतलं होतं. मी दारात दिसलो की माझीही गत तीच. "हां, तर आमचे हे आलेले आहेत, घामाघूम. आता विचारतील, गोळ्या घेतल्यास का." आणि मी नेमकं तेच विचारायचो.

पावसाळा सरता सरता ती गेली.

आमच्या घरात पद्धत अशी की गेलेल्या माणसाची वस्तू वर्ष होईपर्यंत वापरायची नाही. कपडे, चष्मा, ताट, सगळं जिथल्या तिथे. वर्षश्राद्ध झालं की मग काय ते काढायचं, कुणाला द्यायचं. माझ्या वडिलांची छत्री अशीच वर्षभर खुंटीला लटकत होती, बाहेर धो धो पाऊस असला तरी. डब्याचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, "तिची वस्तू आहे ती. वर्ष होऊ दे." वाद कोणी घातला नाही. लेकीनेच तो पुसला, माझ्या आईच्या एका मऊ सुती साडीत गुंडाळला, आणि मी माळ्यावर चढवला. तिथून गच्चीचा स्लॅब हातभर वर. एप्रिल-मेमध्ये माळ्यावर हात घालवत नाही.

खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. आवाज ऐकायची माझी हिंमत नव्हती, आणि वर सुरक्षित आहे म्हटल्यावर घाईही नव्हती. लेक मात्र त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती. फोनमध्ये फोटो ढीगभर होते, पण कॅमेरा दिसला की माझी बायको तोंड मिटून घ्यायची. लेक एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मला आईचा चेहरा आठवतो. आवाज येतच नाही रे आता." मी म्हटलं, आहे ना वर ठेवलेला. आई रोज संध्याकाळी फोटोपुढे दिवा लावायची. वर्षभरात एक दिवस तिने चुकवला नाही.

वर्षश्राद्धाला गुरुजी जेवून गेले आणि आईच म्हणाली, "काढा आता तो." लेकीने साडी सोडून घडी घातली. वायरी जोडल्या. पंखा फिरला, लाल दिवा लागला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, चालू करण्याजोगं काही सापडत नाही. बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ.

ठाण्यात खोपटला एसटी डेपोजवळ एक दुरुस्तीवाला आहे, त्याच्याकडे नेला. त्याने झाकण काढून एसएसडी बाहेर काढली, सगळं जिच्यात साठतं ती, च्युइंगमच्या पट्टीएवढी. तिच्यावर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं.

"हलका माल टाकलाय काका. तयार डब्यात करतात असं. बॅकअप नव्हता घेतलेला?"

"नाही."

"मध्ये चालू तरी केलेला का?"

"वर्षभर नाही."

तो म्हणाला, नक्की कशाने गेली ते त्यालाही सांगता येणार नाही. पण यात लिहिलेलं सगळं म्हणजे धरून ठेवलेला करंट असतो. माल हलका, गरमी, आणि महिनोन्‌महिने वीज नाही, तर तो गळून जातो. अधूनमधून लावला असता तर कदाचित वाचलं असतं. मग त्याने विचारलं, "वर्षभर का नाही लावला?"

"वर्ष पाळत होतो," मी म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याने ती पट्टी डेटा काढणाऱ्या कोणाकडे तरी पाठवली. काही दिवसांनी पेन ड्राइव्ह हातात आला, त्यात उघडणारी फाइल एकच. तो टीव्हीला लावून आम्ही तिघं पलंगावर बसलो. हिरवं शेत दिसलं. ती खाकरली. "हां, तर." आणि पुढे नुसती खरखर, चित्र जागच्या जागी थिजलेलं.

लेकीने ते पुन्हा लावलं. आणखी कितीदा लावलं कोण जाणे. मी उठून गॅलरीत गेलो, कारण मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचं कोणावर ते कळत नव्हतं. दुकानदारावर, स्लॅबवर, का पद्धतीवर? जुना करकरणारा कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला दिला होता. ती त्यावरच खेळली असती तर कदाचित सगळं राहिलं असतं, त्या हार्ड डिस्कला जपून ठेवायला वीज लागत नाही. पण तिचे मधले दिवस चक्र बघण्यात गेले असते. तिच्यासाठी तो डबा घेतला ते चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्यासाठी त्याने दोन शब्द ठेवले. लेकीने ते फोनमध्ये घेतले, मला पाठवले, टिटवाळ्याच्या मावशीला पाठवले.

आईला मी सोप्या भाषेत सांगितलं की त्याला मधूनमधून वीज द्यायला हवी होती. तिने फोटोपुढच्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे दिवा तिकडे लावायला हवा होता."

दुरुस्तीवाल्याने पट्टी परत बसवून दिली होती. डबा आता त्याच फटीत आहे. रोज संध्याकाळी फोटोपुढे दिवा लावून झाला की आई भिंतीचा आधार घेत तिथे जाते आणि बटण दाबते. पंखा फिरतो, पडद्यावर ती इंग्रजी ओळ येते. आईला इंग्रजी वाचता येत नाही.

"आलं का गं काही?" ती लेकीला विचारते.

"अजून नाही आजी," लेक म्हणते.