वकीलबाईंचा निकाल

केस कापणाऱ्या बाईला लोक वकीलबाई का म्हणतात, हे कळायला त्यांच्या दुकानात खुर्चीवर टेकायचा अवकाश. जिन्याखालची अरुंद खोली, दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि कंगव्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन. कोणत्या नटीनं कसला झगा घातला, कोणता खेळाडू पंचांशी उद्धट वागला, कोणता मंत्री मुलाखतीत अडखळला, या सगळ्या खटल्यांची सुनावणी इथे व्हायची आणि निकाल लगोलग बातमीखाली लिहिला जायचा. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

अडचण एवढीच, की बाईंचे हातमोजे दिवसभर केसांच्या रंगात बरबटलेले. मग जिच्या डोक्याला रंग लावून झालाय आणि तो चढेपर्यंत जिला हलता येत नाही, तिच्या हातात फोन जायचा. "लिही," बाई सांगायच्या, "हा झगा नाही, खिडकीचा पडदा आहे. खिडकी उघडी पडली असेल, परत लावा." एखादी भिडस्त बाई म्हणायची, "जरा जास्तच होतंय का हो?"

"तुझा रंग वेळेवर धुवायचाय ना? मग लिही."

बाईंची मतं अशी गावभरच्या बोटांनी लिहिली जायची. शब्द मागे घेणं मात्र त्यांच्या कायद्यात बसत नव्हतं. एका गायकाला त्यांनी घसा शेकत बसायला सांगितलं आणि पुढच्याच आठवड्यात त्याला मोठं बक्षीस मिळालं. बाईंनी बक्षीस देणाऱ्यांना कान तपासून घ्यायला सांगितलं आणि विषय संपवला.

मग एका गाजलेल्या नटीनं नवऱ्याचं घर सोडल्याची बातमी आली. दुकानात नुसता उत्साह. बाईंनी ब्रश रंगात बुडवता बुडवता निकाल सांगितला, "सगळं आयतं मिळालं की सोसायची सवय राहत नाही. भांड्याला भांडं लागायचंच, म्हणून कोणी स्वयंपाकघर सोडून जातं का? आईबापांना तोंड लपवायला लावलंन कार्टीनं." शे-दीडशे लोकांनी या मताला अंगठे दाखवले. वर करून, म्हणजे कौतुकाचे.

एकीनं तेवढी हरकत घेतली. नाव खोटं, फोटोच्या जागी कुंडीतलं निवडुंग. "बंद दाराआड काय चाललंय, ते तुम्हाला कसं दिसलं?" तिनं विचारलं. बाईंनी उत्तर दिलं, तिनं प्रत्युत्तर दिलं, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की आधी निवडुंग काय म्हणतंय ते बघायचं, असं सुरू झालं. बाईंना मजा येत होती. "पोरगी वाकडी आहे, पण बोलते नेमकं," त्या कौतुकानं म्हणायच्या. आपल्याशी असं बरोबरीनं भांडणारी एकच होती, त्यांची मुलगी. नवरा गेल्यावर बाईंनी याच दोन खुर्च्यांवर तिला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं. आता ती लांबच्या शहरात सासरी होती आणि फोनवर हल्ली "सगळं ठीक" याच्या पलीकडे जात नव्हती. संसारात रमली, असं बाई सगळ्यांना सांगत.

त्या दिवशी खुर्चीत बसल्या होत्या जवळच्या शाळेतल्या शिक्षिका. डोक्याला रंग, हातात फोन. निवडुंगाची नवी कमेंट त्यांनी मोठ्यानं वाचली, "तिचा ताजा फोटो नीट बघा. भांगाजवळचे केस किती विरळ झालेत. आईनं विचारलं तर तीही सांगत असेल, नव्या घरचं पाणी मानवत नाही म्हणून गळतात."

बाईंनी रंग कालवायचा ब्रश वाटीत ठेवून दिला.

मागच्या खेपेला मुलगी आली होती, तेव्हा याच आरशासमोर बाईंनी तिचा भांग पाडला होता. टाळू दिसत होती. त्या रागावल्या होत्या, आणि मुलगी आरशात न बघता म्हणाली होती, "नव्या घरचं पाणी मानवत नाही गं, आई." बाईंनी तेलाची बाटली दिली आणि गप्पांकडे वळल्या. नटीच्या एका हसण्यावरून तिच्या संसाराचा पंचनामा करणारी ही बाई, पोटच्या पोरीचं डोकं हातात धरूनही काही ओळखू शकली नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात जन्म गेला.

आणि चार दिवस ती पोर विचारत काय होती? मी घर सोडलं तर तू मला काय म्हणशील, एवढंच. बाई चार दिवस तिला कार्टी म्हणत होत्या.

"काय लिहू?" शिक्षिकांनी विचारलं.

"द्या इकडे. मी लिहिते."

फोन करावा तर ती पुन्हा "सगळं ठीक" म्हणणार. जिथे तिनं विचारलंय, तिथेच उत्तर द्यायला हवं होतं. बाईंनी हातमोजे काढले आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मी चुकले. ती माझी मुलगी असती तर म्हटलं असतं, घरी ये. कारण नंतर सांग, नाही सांगितलंस तरी चालेल."

खाली टोळधाड उतरलीच. वकीलबाई हरल्या, कोणी म्हणालं. म्हातारीनं गुडघे टेकले, दुसऱ्यानं लिहिलं. एरवी बाईंनी एकेकाची सालं काढली असती. आज त्यांनी कोणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

निवडुंगानं विचारलं, "आणि लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी बघते," बाईंनी लिहिलं. "आजवर दुसरं केलंय काय?"

शिक्षिकांच्या डोक्यावरचा रंग ठरल्यापेक्षा गडद होऊन गेला होता. बाई त्यांचे केस धुवायला घेणार, तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता. निवडुंगाचं नाव दोघींनीही काढलं नाही.

"आई, मी आले तर चालेल?"

"ये."

"थोडे दिवस राहीन म्हणते. म्हणजे किती, ते मला अजून..."

"किती ते मी विचारलं का तुला?" वकीलबाई म्हणाल्या, आणि ओल्या हातानं डोळे पुसले.